पडद्यावरचा कुर्ता

लखनौहून परत आल्यावर साताऱ्यात मला दोनच प्रश्न विचारले गेले. कबाब खाल्ले का, आणि चिकनचे ड्रेस आणले का. पहिल्याचं उत्तर नाही, कारण मी शाकाहारी आहे. दुसऱ्याचं उत्तर हो, एक आणला, पण मी ज्या कुर्त्यासाठी लखनौला गेले होते त्याला हात लावून बघता येत नाही, अंगात घालता येत नाही आणि घडी करून बॅगेतही टाकता येत नाही. तो वाचावा लागतो. हे सांगितल्यावर स्टाफरूममधल्या बायका हवेबद्दल विचारायच्या.

हवा थंड होती. जानेवारी होता. गाडी धुक्यामुळे इतकी उशिरा पोचली की त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, तिकडे त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

जानकीपुरम

मीनल माझी कॉलेजातली मैत्रीण. ती वाईची, मी साताऱ्याची, हॉस्टेलवर एका खोलीत. पुढे तिने औषधशास्त्रात संशोधन केलं, सरकारी संस्थेत नोकरी धरली आणि लखनौची झाली. नवरा प्रकाश बँकेत. जानकीपुरममध्ये त्यांचं दुमजली घर आहे, पुढे कुंडीत कढीपत्ता, मागे कोबीचे चार गड्डे. शेजारीपाजारी सगळे शर्मा, मिश्रा, सक्सेना. दारावर नाव हिंदीत आणि आत पाऊल टाकलं की फोडणीला गोडा मसाला.

भाषेचं मात्र वेगळं आहे. मीनल मराठीत वाक्य सुरू करते आणि मध्येच "अच्छा, ती सब्जी उतरव" म्हणते. प्रकाश फोनवर असला तर त्याचं मराठीपण ओळखता येत नाही. आणि त्यांची मुलगी ईशा सगळं मराठी समजते, एकही वाक्य मराठीत बोलत नाही. मी विचारलं, "प्रवासाने दमलीस का म्हणून नुसतंच विचारशील, की चहा देशील?" ती हसून म्हणाली, "मौसी, चाय तो हम कब से चढ़ाए बैठे हैं."

हा 'हम' लक्षात ठेवण्यासारखा आहे. लखनौत माणूस एकटा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो. त्यात ऐट नाही, तशी पद्धत आहे. पण मराठी कानाला पहिले काही दिवस सारखं वाटत राहतं की बोलणाऱ्याच्या मागे अजून कोणीतरी उभं आहे.

मला बोलावलं होतं ईशाने. तिने डिझाइनचं शिक्षण घेतलं होतं आणि बायकांच्या शरीराबद्दल एक रचना केली होती. तिला ती साहित्य म्हणत होती. छापलेलं नाही, पडद्यावर वाचायचं, आणि वाचणाऱ्याने बोट फिरवल्याशिवाय एक अक्षर पुढे सरकत नाही असं. हजरतगंजच्या मागे एका खासगी संस्थेच्या छोट्या हॉलमध्ये ते मांडलं जाणार होतं. मी मराठीत पुस्तकांबद्दल सदर लिहिते हे तिला माहीत होतं. "आप आइए, देखिए, फिर जो लिखना हो लिखिए," असं ती फोनवर म्हणाली होती. मला अशा गोष्टींची जरा धास्ती वाटते. पडदे लवकर जुने होतात आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्याहून लवकर. पण लखनौ पाहिलं नव्हतं आणि मीनलला भेटून बरीच वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी जेवायला तहरी होती. म्हणजे आपला मसालेभात, पण फ्लॉवर, बटाटे आणि हिरवे मटार घातलेला. वरून तूप आणि बाजूला मुळा. मीनलने त्यात गोडा मसाला टाकला होता. प्रकाश म्हणाला, "ही ना धड तहरी, ना धड मसालेभात. आमच्यासारखीच." हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगत असावा, कारण बाकीचं कोणी हसलं नाही.

अमीनाबाद

दुसऱ्या दिवशी ईशा मला अमीनाबादला घेऊन गेली. काही अंतर रिक्षा, पुढे पायी. पुण्याच्या तुळशीबागेत गर्दी असते ती बायकांची. इथे कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, सायकलरिक्षा, गजक म्हणजे तिळाची चिक्की विकणारे आणि माणसं या सगळ्यांचा एकच प्रवाह असतो, त्यात आपण उतरायचं आणि तो नेईल तिथे जायचं. माझी चप्पल एकदा मागे राहिली. ती आणायला उलटी फिरले तर एक रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "माताजी, रास्ता उधर है." चप्पल शेवटी ईशाने आणली.

एका दुकानात आम्ही गादीवर बसलो. ईशाने दुकानदाराला न धुतलेला माल दाखवायला सांगितला. तयार चिकनकाम मी पाहिलेलं होतं, हे नव्हतं. पांढऱ्या मलमलीवर निळ्या रंगाने वेल छापलेली, लाकडी ठशाने. त्या निळ्या रेघांवरून बायका घरी बसून पांढऱ्या दोऱ्याने टाके घालतात. काम पुरं झालं की कापड धुतात. निळा रंग कच्चा असतो, तो पाण्यात निघून जातो, भरतकाम राहतं. बाई जिथे टाका घालायची विसरली तिथे काहीच राहत नाही.

"बस यही है हमारी किताब," ईशा म्हणाली.

परतताना एका टपरीवर चहा घेत तिने मला समजावून सांगितलं. तिला बायकांकडून त्यांच्या शरीराबद्दल ऐकायचं होतं. जुन्या लखनौतल्या भरतकाम करणाऱ्या बायका, कॉलेजच्या मुली, कचेऱ्यांतल्या बायका. कोणी बोलेना. शरीर म्हटलं की सगळ्या दुपट्टा सारखा करायच्या. मग एकदा एक बाई तिला कुर्त्याचं माप सांगत होती. गला इतना, सीना इतना, कमर इतनी. तेच शब्द ती जराही न लाजता मोठ्याने म्हणत होती, दुकानात, पुरुषांसमोर.

"कपड़े का सीना बोल सकते हैं, अपना नहीं," ईशा म्हणाली. "तो हमने पूछना बदल दिया. हमने कहा, कुर्ते के बारे में बताइए. गला कैसा पसंद है, क्यों पसंद है. फिर सब बोलने लगीं."

मी विचारलं, "आणि घरी? आईला विचारलंस?"

ती कप विसळत असल्यासारखा फिरवत राहिली. "आई तो आई हैं," म्हणाली. मला त्या उत्तरात काही विशेष वाटलं नाही.

जेवणाचं टेबल

संध्याकाळी प्रकाशच्या आग्रहाने घरच्यांसाठी तालीम झाली. जेवणाच्या टेबलावर ईशाने मोठा पडदा आडवा ठेवला, आम्ही भोवती बसलो. पडद्यावर एक पांढरा कुर्ता आडवा पसरलेला, त्यावर निळी वेल. वेलीच्या टोकावर बोट ठेवून हळूहळू पुढे नेलं की बोटाखालून पांढरा दोरा उमटतो आणि त्याबरोबर एक आवाज बोलायला लागतो. घाई केली की दोरा तुटतो आणि बोलणारी बाई वाक्याच्या मध्येच गप्प होते. पुन्हा मागे यावं लागतं. वेलीला फाटा आला की कुठे जायचं ते आपण ठरवायचं, त्यामुळे दोघांचं वाचन सारखं होत नाही. शेवटी कुर्ता पाण्यात बुडतो. निळं धुऊन जातं. जे वाचलं तेवढं भरतकाम शिल्लक राहतं, बाकीचं पुन्हा बघायला मिळत नाही.

मी आधी बसले. बाहीवर एक मुलगी होती. पाहुणे बघायला येण्याआधी तिच्या हातावरचे केस काढले गेले आणि लग्न न ठरल्यावर ते पुन्हा उगवले, तेव्हा तिला ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं, असं ती सांगत होती. कंबरेवर एक भरतकाम करणारी बाई होती. तिने आपली कंबर तिच्या सुनेपेक्षा बारीक आहे हे दोनदा सांगितलं आणि मग दिवसभर वाकून बसल्यावर उठताना कशाला धरून उठते तेही सांगितलं. मला वाटलं होतं तसं हे रडगाणं नव्हतं. मी तीन वेळा दोरा तोडला. मला सावकाश वाचायची सवय आहे असा माझा समज होता.

मग मीनल बसली. तिने चष्मा बदलला, प्रयोगशाळेत बसावं तशी पाठ सरळ केली आणि बोट टेकवलं. तिचा दोरा एकदाही तुटला नाही. गळ्यावरून ती खांद्यावर आली, खांद्यावरून डावीकडे वळली. छातीवर वेल दाट होती.

आवाज ईशाचा होता. "हम आईने के सामने खड़े हुए तो आईने ने हमें आधा देखा," तो म्हणाला. त्या आरशानंतर पुढे तपशील होता. डाव्या बाजूचं ऑपरेशन, इस्पितळाची खिडकी, घरी आल्यावर दार लावून रडणं. "हमने दुपट्टा उस तरफ़ डाला जिस तरफ़ अब कोई नहीं रहता था."

मीनलचा डावा स्तन कर्करोगामुळे काढला होता. ईशा तेव्हा शाळेत होती. मला ते ऑपरेशननंतर फोनवर दोन वाक्यांत कळलं होतं आणि तिसरं वाक्य वाईच्या गणपतीबद्दल होतं. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नव्हता. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग भिंतीकडे.

मीनलने बोट उचललं नाही. ती वेल संपेपर्यंत गेली, कमरेवर गेली, घेरावर गेली, सगळं पुरं केलं. कुर्ता धुतला गेला. मग तिने चष्मा काढून डबीत ठेवला.

"बाकीच्या बायकांना विचारलं होतंस?" तिने विचारलं.

"सबसे पूछा था," ईशा म्हणाली. "सबको सुनाया. हाँ बोलीं तब डाला."

"मग मला?"

"आप मना कर देतीं."

"आमच्याकडे उंदरावर प्रयोग करायचा तरी समितीची परवानगी लागते," मीनल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ते तुझं नाही, ईशा."

"हमारा भी है. हम वहीं थे, आई. इसी घर में थे."

मीनल उठली आणि तिने दूध तापत ठेवलं. प्रकाश म्हणाला की त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना निमंत्रण टाकलं आहे, बँकेतलेही काही जण येणार आहेत. दूध उतू गेलं नाही, वेळेवर उतरवलं गेलं.

चौक

लखनौच्या थंडीत सकाळी एक पदार्थ मिळतो, त्याला नुसतं 'मक्खन' म्हणतात. लोण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. दूध रात्रभर दवात ठेवून घुसळतात आणि वर येणारा फेस पानाच्या द्रोणात देतात, केशर आणि पिस्ते घालून. तोंडात घातल्यावर काही खाल्लं असं वाटत नाही, फक्त गोड वाटतं. ऊन चढलं की संपलं. आपल्याकडे पेढ्याला वजन लागतं. साताऱ्याच्या माणसाला हा प्रकार पटायला वेळ लागतो.

प्रकाशने मला सकाळी चौकात नेलं ते यासाठी, असं तो म्हणाला. द्रोण हातात घेऊन आम्ही उन्हाच्या एका पट्ट्यात उभे होतो. लोकरीच्या टोपीतला प्रकाश एकदम बराच म्हातारा दिसत होता.

"सुनंदाताई, तुम्ही तिच्याशी बोला," तो म्हणाला. "नाहीतर ईशाशी बोला. ते तेवढं काढून टाकायला सांगा."

"तुम्ही का नाही सांगत?"

त्याने चमच्याने फेस कडेला केला. "मला हेच कळत नाही की ईशाने लिहिलंय ते खरं आहे का. आरसा, रडणं. मला सांगता येत नाही. मी औषधं आणली, रिपोर्ट आणले, विमा बघितला, सगळं केलं. पण हे मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. काल मी ते ऐकलं ते परक्या माणसासारखं."

मी म्हटलं, "मीही तसंच ऐकलं."

"तुम्ही साताऱ्याला असता," तो म्हणाला.

पुढे त्याने मला मोठा इमामबाडा दाखवला. त्याचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलं आहे. भुलभुलैयात गाइड आम्हाला दहा वाटा दाखवून पुन्हा तिथेच आणत होता आणि प्रकाश आज्ञाधारकपणे त्याच्या मागे जात होता. वरच्या सज्जातून खाली काडी ओढल्याचा आवाज समोरच्या टोकाला ऐकू येतो, तेही दाखवलं. प्रकाशने ते आधी अनेकदा पाहिलं असणार, तरी तो कान देऊन ऐकत होता.

गच्ची

मीनलने त्या दिवशी रजा टाकली होती. आम्ही परतलो तेव्हा ती गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होती. उत्तरेकडे हिवाळ्यात सगळं घर गच्चीवर येतं, जेवण, अभ्यास, केस वाळवणं, भांडणं. शेजारच्या गच्चीवर मिश्राबाई लोकर गुंडाळत होत्या. ईशा पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, लॅपटॉप मांडीवर. दोघींमध्ये अंतर बरंच होतं. मी मीनलशेजारी बसून शेंगा ओढल्या.

"हमने हटा दिया है," ईशा माझ्याकडे बघून म्हणाली. "सीना खाली है अब. उँगली वहाँ जाएगी तो धागा नहीं निकलेगा."

मीनल शेंग सोलत राहिली. सोलता सोलताच म्हणाली, "दुपट्टा नव्हता."

"क्या?"

"तू लिहिलंस, दुपट्टा टाकला. जानेवारी होता. मी स्वेटर घालायची, वर शाल. दुपट्टा कुठून आला?"

ईशाने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"आणि दार लावून रडले नाही. मी दार लावून बसायची ते हाताचे व्यायाम करायला. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, रोज थोडी वर. तोंड वेडंवाकडं व्हायचं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून दार." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तुला बाहेरून आवाज आला असेल. त्याला रडणं म्हणत नाहीत."

"हमें तो रोना ही लगा था," ईशा म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "हम दरवाज़े के बाहर बैठे रहते थे."

मीनलने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नसावं. तिने सोललेले मटार मूठभर घेऊन ईशाकडे हात केला. ईशा उठून जवळ आली, तिने ते घेतले आणि खाली सतरंजीवर बसली.

"लिहायचंच असेल तर बरोबर लिही," मीनल म्हणाली.

"आप बोलिए. हम लिखेंगे नहीं, रिकॉर्ड करेंगे."

"हिंदीत मला नाही जमणार."

"मराठी में बोलिए."

रेकॉर्डिंग खाली कपड्यांच्या कपाटात झालं. म्हणजे मीनल स्टुलावर बसली आणि कपाटाची दोन्ही दारं तिच्या बाजूंना उघडी ठेवली, कारण लोंबणारे कपडे आवाज शोषून घेतात असं ईशाचं म्हणणं. मी पलंगावर होते. मला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही. प्रकाश दाराशी उभा राहिला आणि मग आत येऊन माझ्यापासून दूर, पलंगाच्या टोकावर बसला.

मीनल संशोधनाचा अहवाल सांगावा तशी बोलली. मला आठवतं ते असं:

"ऑपरेशन झालं तेव्हा थंडी होती. शुद्धीवर आले तेव्हा मला भूक लागली होती. नर्स म्हणाली, अभी कुछ नहीं मिलेगा. मला तिचा फार राग आला. टाके काढल्यावर एकदा आंघोळीच्या वेळी बघितलं. आडवी रेघ होती, जराशी वाकडी. डॉक्टर तरुण होता. बाकी सपाट. मला लहानपणची मी आठवले. तेव्हा तिथे असंच सपाट होतं आणि मी कृष्णेत पोहायला जायची, भावांबरोबर. मग मोठी झाले आणि पोहणं बंद झालं. आता डावी बाजू पुन्हा बारा वर्षांची झाली होती आणि उजवी आपल्या वयाची राहिली होती. काही महिने मी दोघींशी वेगवेगळी वागायची. एकीला जपायची, एकीला जरा रागवायची. मग ते आपोआप थांबलं. उन्हाळ्यात तिथे घाम येत नाही, ते बरं वाटतं. आणखी काही सांगण्यासारखं नाही."

ती थांबली. ईशाने यंत्र बंद केलं नाही, कारण तिचे हात डोळ्यांवर होते. शेवटी प्रकाशने उठून ते बंद केलं.

रात्री जेवताना ईशा म्हणाली की खाली हिंदीत ओळी देऊ, नाहीतर लखनौत कोणाला काय कळणार. मीनल म्हणाली, "नको."

"पर आई, फिर तो कोई समझेगा ही नहीं."

"ज्याला कळेल त्याला कळेल. मला सांगायचं होतं, सगळ्यांना कळवायचं नव्हतं."

ईशा वाद घालणार होती. मग तिने पोळीचा तुकडा मोडला आणि "ठीक है," म्हणाली. मी सदरात लिहिताना यावर बराच विचार केला. घर सोडून परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपली भाषा कुठे उपयोगी पडते, याची मी ऐकलेली उत्तरं वेगळी होती. देवाला, सणाला, मुलांना रागवायला. त्यात हे नव्हतं.

हजरतगंज

हॉल लहान होता, पांढरा रंग दिलेला. मधोमध टेबल आणि त्यावर कुर्ता. एका वेळी एकानेच वाचायचं, बाकीच्यांनी भोवती उभं राहून ऐकायचं. गर्दी माझ्या अपेक्षेपेक्षा बरी होती. कॉलेजची मुलं-मुली, भरतकाम करणाऱ्या काही बायका नव्या ओढण्या घेऊन आलेल्या, प्रकाशच्या बँकेतले दोघं, मीनलच्या संस्थेतले काही. कंबरेवर बोललेली बाई स्वतःचा आवाज ऐकून शेजारणीला म्हणाली, "हम इतना तेज़ बोलते हैं क्या?" शेजारीण म्हणाली, "इससे तेज़."

एक वयस्कर गृहस्थ छातीवरच्या वेलीपाशी आले आणि त्यांनी बोट उचलून सरळ घेरावर ठेवलं. तसं करता येत होतं. कॉलेजच्या मुली मात्र तिथे गेल्या. मराठी सुरू झालं की त्या एकमेकींकडे बघायच्या, "कौन सी भाषा है?" विचारायच्या, पण दोरा तुटू न देता शेवटपर्यंत जायच्या. एकीने ईशाला विचारलं, काय म्हणताहेत त्या? ईशा म्हणाली, "वो उन्हीं से पूछना पड़ेगा." कोणाला विचारायचं ते मात्र तिने सांगितलं नाही. मीनल खिडकीपाशी आपल्या सहकाऱ्यांबरोबर उभी होती आणि प्रयोगशाळेच्या गळक्या छताबद्दल बोलत होती, हिंदीत.

मंडळाची माणसं संध्याकाळी आली, तिळगुळाचा डबा घेऊन. त्यांच्यात एक तिशीतली बाई होती. नाव वैशाली, माहेर सांगलीकडचं, नवरा चिनहटला एका कारखान्यात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पाहिलं ते एवढंच की ती टेबलाशी बसली, डावीकडे वळली आणि मराठी सुरू झाल्यावर तिचं बोट थांबलं. दोरा तुटला. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तुटला. मागे उभी असलेली माणसं जरा अस्वस्थ झाली. ईशा पुढे होऊन काही सांगणार होती, मी तिला हाताने थांबवलं. चौथ्यांदा वैशाली शेवटपर्यंत गेली. मग पुढे कुठेच न जाता खुर्चीवरून उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मीनल मंडळाच्या कोणालातरी म्हणाली, "चहा घेतलात का? तिकडे ठेवलाय."

वैशालीने मान वळवली. ती आवाजाच्या दिशेने सरळ चालत आली आणि मीनलसमोर उभी राहिली.

"तुम्हीच ना?" तिने विचारलं.

मीनलने तिच्याकडे नीट पाहिलं. "हो," म्हणाली.

"मला पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हायचंय. उजवीकडे आहे." ती अगदी हळू बोलत होती, खरं तर तशी गरज नव्हती. आजूबाजूच्या कोणाला मराठी येत नव्हतं आणि मंडळ चहापाशी होतं. "ह्यांना माहीत आहे. आईला सांगितलं नाही अजून. इथे कोणालाच नाही."

"जेवलीस का?" मीनलने विचारलं.

"सकाळी."

मीनलने पर्स उचलली. ईशाला म्हणाली की तू तुझं आवरून बाबांबरोबर ये, मी हिला घरी नेतेय. वैशालीने नवऱ्याला फोन केला, तो पाळीवर होता, सुटल्यावर जानकीपुरमला घ्यायला येतो म्हणाला.

मीनल गाडी चालवत होती, वैशाली तिच्या शेजारी, मी मागे. हजरतगंजचे दिवे मागे पडले, गोमतीवरचा पूल गेला. पाण्यावर धुकं उतरायला लागलं होतं. त्या दोघी सांगलीच्या हळदीबद्दल बोलल्या, इथे चांगले पोहे मिळत नाहीत त्याबद्दल बोलल्या, चिनहटच्या रस्त्याबद्दल बोलल्या. विद्यापीठापुढच्या सिग्नलला गाडी थांबली.

"खूप दुखतं का?" वैशालीने विचारलं.

मीनल समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती. ती बरोबर शब्द शोधत असावी.

"दुखतं," ती म्हणाली. "पण तुला वाटतंय तिथे नाही. काखेत दुखतं. हात वर जात नाही बरेच दिवस. ब्लाउज घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. केस विंचरता येत नाहीत."

"मग केस कोण विंचरायचं तुमचे?"

सिग्नल सुटला. मीनलने गाडी पुढे घेतली.

"ईशा," ती म्हणाली. "शाळेत जायच्या आधी, युनिफॉर्म घालून. रोज भांग वाकडा पाडायची. मी तसाच घेऊन कामावर जायची."